मोटरग्लायडर उतरवताना प्रोपेलर जमिनीला लागला: चूक नेमकी कोणत्या क्षणी झाली?

निपाणीकर_सध्या_जर्मनीत

नमस्कार मंडळी. मी मूळचा निपाणीचा, कॉलेज बेळगावात झाले आणि गेली चार वर्षे नोकरीनिमित्त दक्षिण जर्मनीत आहे. येथील एका लहानशा क्लबमध्ये गेल्या उन्हाळ्यापासून मोटरग्लायडर, म्हणजे इंजिन बसवलेला ग्लायडर, शिकतो आहे. आमचे विमान शाइबे बनावटीचे एस.एफ. २५ सी फाल्के आहे. त्यात शेजारीशेजारी दोन आसने आहेत, पोटाखाली मधोमध एकच मुख्य चाक, शेपटीला एक लहान चाक आणि पंख जमिनीला टेकू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना बारीक आधारचाके आहेत. नाकावर रोटॅक्स ९१२ इंजिन आणि दोन पात्यांचा लाकडी प्रोपेलर आहे. विमान हलके आणि पंख पंधरा मीटरांहून लांब, त्यामुळे जमिनीजवळ आले की ते खाली बसायला तयारच होत नाही, हे येथे ज्यांनी उडवले आहे त्यांना ठाऊक असेलच.

तीन आठवड्यांपूर्वी गवताच्या धावपट्टीवर उतरत असताना माझ्याकडून प्रोपेलर जमिनीला लागला. पुस्तिकेनुसार शेवटच्या टप्प्यात ताशी ९५ किलोमीटर वेग ठेवायचा असतो. त्या दिवशी समोरून साधारण १० किलोमीटरचा वारा होता आणि धावपट्टीच्या तोंडाशी असलेल्या झाडांमुळे तो थोडा गुंडाळल्यासारखा येत होता, म्हणून थोडा वेग हाताशी असलेला बरा, असा विचार करून मी ११० ठेवला. जमिनीपासून हातभर उंचीवर आल्यावर विमान तरंगतच राहिले, अर्धी धावपट्टी संपली, पलीकडचे कुंपण दिसू लागले आणि मी स्टिक, म्हणजे विमानाचे नाक वरखाली करणारा दांडा, किंचित पुढे ढकलून चाक टेकवले. विमान मीटरभर उसळले. मी पुन्हा नाक खाली केले, तेव्हा दुसरी उसळी पहिल्यापेक्षा मोठी आली. शिक्षकांनी स्टिक हातात घेण्यापूर्वीच तिसऱ्यांदा चाक आदळले आणि त्याच वेळी टक्‌, टक्‌ असे दोन कोरडे आवाज आले. पुढे त्यांनी विमान सरळ थांबवले. इंजिन बंद पडले नव्हते, ते आपले शांतपणे चालूच होते.

खाली उतरून पाहिले तर दोन्ही पात्यांच्या टोकांचा दोन बोटे रुंदीचा रंग गेला होता, त्यांवर गवताचा हिरवा रस लागला होता आणि एका पात्याच्या पुढच्या कडेने केसाएवढी चीर दिसत होती. धावपट्टीवर आडव्या, तळहाताएवढ्या दोन खाचा होत्या. क्लबने विमान तत्काळ बंद ठेवले आणि आता इंजिन तपासणीसाठी पाठवायचे म्हणत आहेत. निपाणीला फोन केला तेव्हा आईने एवढेच विचारले, “पंखा मोडलास होय रे?” त्यावर काय सांगावे ते सुचले नाही.

माझा मुख्य प्रश्न असा आहे की चूक वेगात झाली, उसळीनंतर झाली की आणखी आधी. शिवाय क्लबमधील एक जुने सभासद सांगतात की उतरण्यापूर्वीच्या घिरट्यातच इंजिन बंद करून पाती आडवी लावून उतरावे, म्हणजे प्रोपेलर लागण्याचा प्रश्नच उरत नाही. माझ्या शिक्षकांना हे मुळीच मान्य नाही. आणि इंजिन जर थांबलेही नाही, तर ते उघडण्याची खरोखर गरज आहे का?


सांब्रा_निवृत्त

निपाणीकर, सर्वप्रथम दोघेही सुखरूप आहात हे वाचून बरे वाटले. माझ्या नोकरीची अखेरची वर्षे हवाई दलाच्या बेळगावजवळच्या सांब्रा तळावर गेली. त्यापूर्वी पुण्यात असताना हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरमध्ये मी रोहिणी नावाच्या, शेजारी आसने असलेल्या आपल्याच देशी लाकडी ग्लायडरवर शिकलो आणि पुढे काही वर्षे शिकवलेही. रोहिणीला नाकावर पंखा नव्हता, त्यामुळे तुमच्यासारखी उसळी आम्हीही पुष्कळ घेतली, पण तिचे बिल फक्त आमच्या पाठीच्या कण्याने भरले.

तुम्ही तीन चुका केल्या असे वाटत असले, तरी माझ्या मते चूक एकच आहे आणि ती तीनदा झाली: विमान उतरायला तयार नसताना तुम्ही त्याला जमिनीवर नेले. ९५ ऐवजी ११० म्हणजे आकड्यात पंधराचा फरक दिसतो, पण विमानाजवळची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे तुम्ही जवळजवळ ३४ टक्के जास्त ऊर्जा घेऊन जमिनीवर आलात. लांब पंखांच्या यंत्राला जमिनीजवळ हवेचा रोध आणखी कमी होतो, म्हणून ही जास्तीची ऊर्जा खर्च व्हायला दुसरा मार्ग नसतो. ते तरंगते आणि आपण अस्वस्थ होतो. झाडांमागच्या खळबळत्या वाऱ्यासाठी थोडा वेग वाढवणे योग्यच आहे, पण तो किती वाढवायचा हे वर असतानाच ठरवावे आणि झाडे ओलांडल्यावर एअरब्रेकने, म्हणजे पंखांतून वर निघून हवेचा रोध वाढवणाऱ्या फळ्यांनी, तो परत द्यावा. तुम्ही तो खिशातच ठेवलात.

आता उसळीविषयी सांगतो, कारण प्रोपेलर खरा तेथे मोडतो. तुमच्या विमानाचे मुख्य चाक गुरुत्वमध्याच्या पुढे आहे. चाक जोरात टेकले की चाक थांबते पण वजन खालीच जात राहते, त्यामुळे शेपटी खाली जाते, नाक वर येते, पंखांचा कोन वाढतो आणि अजून उडण्याइतका वेग शिल्लक असल्याने विमान पुन्हा वर निघते. म्हणजे ती उसळी रबराच्या चेंडूची नव्हे, ते चक्क दुसरे उड्डाण असते. ते पाहून आपला हात आपोआप पुढे जातो. पण नाक खाली करायला जो क्षण लागतो, तेवढ्यात विमान स्वतःहूनच खाली यायला लागलेले असते आणि आपला धक्का नेमका त्या खाली येण्यात मिसळतो. दुसरा आपटा म्हणूनच पहिल्यापेक्षा जोराचा, आणि तिसरा नाक खाली असताना. झोपाळ्यावर बसलेल्या मुलाला चुकीच्या क्षणी धक्का द्यावा तसे हे आहे, फरक इतकाच की येथे झोपाळ्याच्या टोकाला फिरणारे पाते आहे.

उपाय हाताला कठीण आणि सांगायला सोपा आहे. उसळी आली की नाक जेथे आहे तेथेच धरावे, म्हणजे उतरण्याच्या वेळी क्षितिजाशी जी ओळ होती ती राखावी, आणि एअरब्रेकचा दांडा हलवू नये. तो उघडला तर विमान दगडासारखे पडते आणि घाईने बंद केला तर पुन्हा वर जाते. उसळी गुडघाभर असेल तर विमान आपोआप बसते. कमरेच्या वर गेली, किंवा दुसरी आली, तर विचार न करता एअरब्रेक बंद, पूर्ण थ्रॉटल म्हणजे इंजिनाला पूर्ण शक्ती, आणि न उतरता वर जाऊन पुन्हा एक फेरी. तिसरी उसळी कधी पाहायचीच नाही, असा मी माझ्या विद्यार्थ्यांना दंडक घातला होता. मोटरग्लायडरमध्ये एक सापळाही आहे. एका हाताला थ्रॉटल आणि एअरब्रेक असे दोन दांडे सांभाळायचे असतात आणि गडबडीत हात भलत्याच दांड्यावर जातो किंवा एअरब्रेक उघडेच राहून पूर्ण शक्ती दिली जाते. इंजिन बंद ठेवून जमिनीवर आसनात बसावे आणि डोळे मिटून हे दोन हालचालींचे पाठांतर पन्नास वेळा करावे. हे हास्यास्पद दिसते, लोक बघून हसतातही, पण उपयोगी पडते.

शेपटीचे चाक असलेल्या विमानात पाते आणि जमीन यांच्यातील अंतर शेपटी खाली असताना सर्वांत जास्त असते. म्हणून मुख्य चाक आणि शेपटीचे चाक एकदम टेकेल अशा पवित्र्यात वेग संपू द्यावा आणि टेकल्यावर स्टिक पूर्णपणे मागे ओढून विमान थांबेपर्यंत ती तेथेच धरावी. पुष्कळ जण टेकताक्षणी हात सैल सोडतात. पुष्कळ ग्लायडरांत आणि मोटरग्लायडरांत एअरब्रेकचा दांडा शेवटपर्यंत ओढला की चाकाचा ब्रेक लागतो. तुमच्या यंत्रात तसे असेल तर टेकताना दांडा पूर्ण ओढलेला नसावा, नाहीतर ब्रेक लागलेल्या चाकावर उतरून नाक पुढे झुकते. मऊ जमिनीतही तेच होते. बैलहोंगलकडच्या काळ्या रानात पहिल्या पावसानंतर बैलगाडीचे चाक कसे आसापर्यंत जाते ते तुम्ही पाहिलेच असेल. तशा जमिनीत चाक रुतले तर स्टिक मागे असूनही शेपटी उचलली जाते, म्हणून पावसानंतर धावपट्टी आधी पायी चालून पाहावी.

इंजिन बंद करण्याबाबत मी तुमच्या शिक्षकांच्या बाजूने आहे, पण ज्येष्ठ सभासदही वेडे नाहीत. पाती थांबलेली आणि आडवी असतील तर नाक खाली गेले तरी ती जमिनीपासून दूर राहतात हे खरे आहे, आणि अनुभवी माणसाने पुरेशा उंचीवर हा निर्णय घेऊन शुद्ध ग्लायडरसारखे उतरणे ही योग्य पद्धत आहे. मात्र हा हिशोब दोन पात्यांचाच आहे. तीन पात्यांपैकी एक सरळ वर ठेवले तरी उरलेल्या दोघांची टोके मध्यापासून त्रिज्येच्या निम्म्याने खाली येतात. शिवाय विद्यार्थ्याने कमी उंचीवर स्टार्टरने पाते आडवे करत बसणे म्हणजे लक्ष नेमके चुकीच्या ठिकाणी देणे आहे, आणि इंजिन बंद केले की मघाशी सांगितलेली पुन्हा एक फेरी हातची जाते. उसळी कशी आवरायची हे न शिकता पाते आडवे करायला शिकणे म्हणजे पोहायला न शिकता विहिरीला कठडा बांधण्यासारखे आहे.

एक विनंती आहे. त्या दोन खाचांमधील अंतर कोणी मोजले का? मोजले नसेल तर पाऊस पडण्यापूर्वी मोजून घ्या, आणि त्या वेळी इंजिनाचे फेरे किती होते तेही शिक्षकांना विचारा. मला त्यातून काही काढायचे आहे.


वडगावची_कॅडेट

काकांचे उत्तर वाचून एक शंका विचारते. मी एन.सी.सी.च्या वायुदल शाखेत आहे आणि आम्हाला मायक्रोलाइटमध्ये, म्हणजे अगदी हलक्या छोट्या विमानात, जे थोडे उड्डाण मिळाले, त्या यंत्राला पुढे चाक होते. पुढे चाक असेल तर नाक खाली जाऊच शकणार नाही, म्हणजे हा धोका शेपटीच्या चाकाच्या विमानांपुरताच आहे, असे समजायचे का?


सांब्रा_निवृत्त

नाही, बाळ. पुढचे चाक आहे म्हणूनच लोक निर्धास्त होतात. जास्त वेगाने उतरताना पुढचे चाक आधी टेकले तर नाक वर फेकले जाते, वैमानिक स्टिक पुढे करतो, आणि वर लिहिलेली तीच उसळ्यांची मालिका सुरू होते. तिसऱ्या-चौथ्या आपट्यात पुढच्या चाकाचा दांडा वाकला किंवा मोडला की प्रोपेलर थेट जमिनीत जातो. पुढचे चाक हे जमिनीवर चालण्यासाठी आहे, उतरण्यासाठी नाही. मुख्य चाके आधी, आणि पुढचे चाक शक्य तितके उशिरा.

आपल्याकडच्या हवामानाची एक गोष्ट तुझ्या कामी येईल. सांब्र्याची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे. एप्रिलमध्ये दुपारी पारा ३५ अंशांवर असताना तेथील हवा साधारण साडेपाच हजार फूट उंचीवरच्या हवेइतकी विरळ वागते. वेगाचा काटा नेहमीचाच आकडा दाखवतो, पण प्रत्यक्ष जमिनीवरचा वेग आठ-साडेआठ टक्के जास्त असतो आणि ऊर्जा सुमारे १८ टक्के जास्त. जमीन नेहमीपेक्षा वेगाने मागे पळताना दिसते म्हणून हात घाईवर येतो. तेव्हा डोळ्यावर नव्हे, काट्यावर विश्वास ठेवायचा.


उद्यमबाग_क्रँक

मला विमान उडवता येत नाही. तिसऱ्या रेल्वे गेटच्या अलीकडे थांबलेल्या गर्दीतून रोज उद्यमबागेत जाणारा मी एक कारखानदार आहे आणि तीस वर्षे क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनातला फिरणारा मुख्य दांडा, घासत आणि तपासत आलो आहे. निपाणीकरदादांच्या शेवटच्या प्रश्नावर मात्र मला बोलायलाच हवे, कारण “इंजिन थांबले नाही, म्हणजे काही झाले नाही” हे वाक्य मी ट्रॅक्टरवाल्यांकडून आणि पंपवाल्यांकडून आयुष्यभर ऐकत आलो आहे आणि त्यातले काही जण सहा महिन्यांनी दोन तुकड्यांत क्रँक घेऊन परत आले आहेत.

फिरणारे पाते अडले की जो झटका बसतो तो पात्यात थांबत नाही, तो हबच्या, म्हणजे पाती जेथे बसवलेली असतात त्या मध्यभागाच्या, बोल्टांतून गिअरमध्ये आणि तेथून क्रँकमध्ये जातो. लाकडी पाते तुटते किंवा भरडते आणि त्यात झटक्याचा बराच भाग खर्च होतो, म्हणून धातूच्या पात्यापेक्षा ते इंजिनाला दयाळू असते. पण दयाळू म्हणजे निरुपद्रवी नव्हे. अनेक रोटॅक्स इंजिनांच्या गिअरबॉक्समध्ये जास्त भार आला की घसरणारा क्लच असतो. त्याने झटका कमी होतो, पण तो क्लच स्वतः किती घसरला हे बाहेरून कळत नाही. आणखी एक मुद्दा असा की रोटॅक्स ९१२ ची क्रँक एका अखंड घडाईची नसते. तिचे तुकडे दाबून एकमेकांत बसवलेले असतात. झटक्याने ते एकमेकांच्या तुलनेत किंचित फिरले, तर इंजिन चालू राहते, आवाजही फारसा बदलत नाही, पण क्रँक वाकडी झालेली असते.

आमच्याकडे अशी क्रँक आली की ती दोन व्ही-ब्लॉकवर, म्हणजे व्ही आकाराची खाच असलेल्या ठोकळ्यांवर, ठेवून डायल गेज लावतो आणि हाताने सावकाश एक फेरा देतो. काटा किती शतांश हलला हे पाहताना तरुण पोरे श्वास रोखून उभी असतात. त्यानंतर चुंबकीय कण तपासणी. क्रँकला चुंबकत्व देऊन त्यावर लोखंडाची चमकणारी पूड असलेले तेल ओततात आणि अंधारात जांभळ्या दिव्याखाली धरतात. जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग, आणि वेब, म्हणजे त्यांना जोडणारी भुजा, जेथे मिळतात त्या गोल कोपऱ्यात, म्हणजे फिलेटमध्ये, भेग असेल तर तेथे पूड रेषेसारखी गोळा होते आणि हिरवट उजळते. तोच भाग उजेडात नुसत्या डोळ्यांनी पाहिला तर आरशासारखा गुळगुळीत दिसतो. अशी भेग एका दिवसात क्रँक मोडत नाही. ती प्रत्येक फेऱ्यात थोडी पुढे जाते. ट्रॅक्टर शेतात बंद पडतो, तुमचे इंजिन कुठे बंद पडेल ते तुम्हीच ठरवा.

विमानांच्या इंजिनांबाबत कारखानेही हेच म्हणतात. लायकॉमिंग या अमेरिकी कंपनीच्या सूचनेनुसार, इंजिन बंद असतानाही पात्याला असा धक्का बसला की किरकोळ कड घासण्यापलीकडे दुरुस्ती करावी लागली, तर तो प्रोपेलर लागल्याचा प्रसंगच धरायचा असतो. तुमचे इंजिन वेगळ्या कंपनीचे आहे, तेव्हा त्यांच्या पुस्तिकेत जे लिहिले आहे तेच पाळावे, पण क्लबने इंजिन पाठवले याबद्दल कुरकुर करू नका. पात्यावरची केसाएवढी चीरही नुसता रंग लावून बुजवायची नाही. लाकडाच्या थरांमध्ये ती किती आत गेली आहे आणि हबची बोल्टांची भोके लांबट झाली आहेत का, हे कारखान्यातच पाहायला हवे.


निपाणीकर_सध्या_जर्मनीत

सर्वांचे मनापासून आभार. इंजिन गेल्या सोमवारी पाठवले गेले. प्रोपेलर बनवणाऱ्याने छायाचित्र पाहूनच पाते बाद ठरवले, म्हणून तेही गेले.

सांब्रा काका, आपण सांगितल्यावर मी शनिवारी शिक्षकांना घेऊन धावपट्टीवर गेलो. सुदैवाने गवत कापलेले नव्हते. दोन खाचांमधील अंतर मध्यापासून मध्यापर्यंत ८६ सेंटीमीटर भरले. शिक्षकांना आठवते की तरंगत असताना इंजिनाचा काटा मिनिटाला २००० फेऱ्यांच्या आसपास होता, आणि आमच्या गिअरबॉक्सचे प्रमाण २.४३ आहे, म्हणजे इंजिनाचे २.४३ फेरे झाले की प्रोपेलरचा एक फेरा होतो.


सांब्रा_निवृत्त

छान मोजले आहे. आता हिशोब पाहा. २००० ला २.४३ ने भागले की प्रोपेलरचे मिनिटाला सुमारे ८२३ फेरे, म्हणजे सेकंदाला १३.७ फेरे होतात. पाती दोन, म्हणून जमिनीजवळून सेकंदाला २७.४ पाती जातात. दोन खाचांत ८६ सेंटीमीटर, म्हणून विमान सेकंदाला साधारण साडेतेवीस मीटर पुढे जात होते, म्हणजे जमिनीवरचा वेग ताशी ८५ किलोमीटर. अपघात तपासणारे लोकही डांबरी धावपट्टीवरील खाचांवरून असाच वेग काढतात. त्यात समोरचा १० किलोमीटरचा वारा मिळवा.

म्हणजे तिसऱ्या आपट्याच्या क्षणीही तुमचे विमान हवेत सुमारे ९५ ने चालले होते. पुस्तिकेने ज्या वेगाने झाडांवरून यायला सांगितले आहे, नेमका तोच वेग. दोन उसळ्या घेऊनही ते अजून उतरायला आलेच नव्हते. त्या क्षणी शेपटी खाली धरून तुम्ही फक्त वाट पाहिली असती तर ते आणखी शंभर-दीडशे मीटर तरंगले असते. तेवढी धावपट्टी उरली नव्हती, म्हणून पहिल्या उसळीलाच थ्रॉटल पुढे करायला हवे होते. कुंपण दिसू लागले तेव्हा तुमचा हात कोणत्या दांड्यावर होता, ते शिक्षकांना विचारून येथे लिहा.


निपाणीकर_सध्या_जर्मनीत

विचारले. एअरब्रेकवर होता, काका. थ्रॉटलकडे हात एकदाही गेला नाही.